मरायची तालीम

फुलसिंग आला तेव्हा त्याला कुणी पाणी विचारलं नाही.

तांड्यावर दुष्मन आला तरी आधी तांब्या पुढे होतो, आणि हा तर घरचा सोयरा, शेवंताचा पाठचा भाऊ. जऊळक्याहून धुळीत माखून आला होता बिचारा. मोटारसायकल निंबाखाली लावून तो हँडल धरूनच उभा राहिला. समोर ओट्यावर त्याचा मेहुणा अमरसिंग बसला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीत. पोटच्या पोराला, बादलला, पुरून आल्यापासून त्यानं अंगातला शर्ट बदलला नव्हता.

शेवटी सुंदरबाई उठली आणि तिनं खाट ओढली. अमरसिंगची आई ती. तिचं आदरातिथ्यसुद्धा भांडल्यासारखं असायचं, आज तर खाटेचा पाय दगडावर आपटला तरी तिनं मागं पाहिलं नाही.

"बस."

"बसाले नाही आलो, मावशी. जवायाचा फोन आला म्हनून आलो. काय म्हननं आहे त्यायचं?"

"तुह्या बहिनीले घेऊन जा," अमरसिंग जमिनीकडे बघतच म्हणाला. "कपडे बांधून ठेवले तिनं."

"कितीक दिवस?"

अमरसिंग ओट्याचा पोपडा नखानं उकरत राहिला. फुलसिंगला कळायचं ते कळलं. त्यानं रुमालानं मान पुसली.

"जवाई, मन्यार राती चावली. तिचा दात बी दिसत नाही आंगावर. डॉक्टरले बी ते शोधाले येळ लागला. माह्या बहिनीले कसं समजन?"

"मायले समजाले पायजे!" आता अमरसिंगनं मान वर केली. "पोट्टं सकायी म्हने पोट दुखते. थुका गिळता येत नाही म्हने. पापन्या मिटून राह्यल्या त्याच्या. अन हे बाई त्याले म्हनते नाटकं करू नको, अन जाते कापूस येचाले. मी मानोऱ्याले सोयाबीन घेऊन गेलेलो. तू होता ना वाशिमले दवाखान्यात? डॉक्टर काय म्हने? तासभर आंधी आनलं असतं त मशीनवर ठेवलं असतं, वाचलं असतं. तासभर, फुलसिंग! इतक्या वर्सानं पोहरादेवीच्या पायावर डोकं ठेवून ठेवून झालेलं पोट्टं होतं ते."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. माणसाचं दुःख मोठं झालं की ते कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावं लागतं, आणि या घरात ते ठेवायला शेवंताचं डोकं सगळ्यांना सोयीचं पडलं होतं. सुंदरबाईनंही "हाव, पोराचं खरं आहे" म्हणून मान डोलावली होती. मान डोलावताना तिनं पोराच्या नजरेला नजर दिली नव्हती, कारण अमरसिंगला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं.

ती आतल्या खोलीकडे वळली. आत तिचा धाकटा, राजपाल होता.

*

आत रीता नवऱ्यासमोर उभी होती, दाराकडे पाठ करून. राजपाल बाहेर जाऊ नये म्हणून ती दारातच उभी राहिली होती, हे दोघांनाही कळत होतं, तरी दोघं ते बोलत नव्हते.

"मी जाऊन सांगतो," राजपाल म्हणाला.

"काय सांगणार?"

"झालं ते. मी पाह्यलं त्याले. जवळून पाह्यलं, अन निघून गेलो."

"तुम्हाला वाटलं तो खेळतोय."

"हाव. मलेच वाटलं. दुसऱ्या कोनाले वाटलं असतं त गोष्ट येगळी."

त्याचं बोलणं खरं होतं. राजपाल मुंबईच्या सिनेमात मारामाऱ्या करायचा, म्हणजे मार खायचा आणि मरायचा. हिरोच्या गोळीनं मेला, घोड्यावरून पडून मेला, एका डाकूच्या पिक्चरमध्ये तर दोनदा मेला, पागोटं बदलून. वय झाल्यावर फाइट मास्टरनं त्याला वेगळं काम दिलं होतं. लढाईच्या मैदानात मुडदे पडले की कोण श्वास घेताना दिसतोय, कुणाची बोटं हलताहेत, हे कॅमेरा सुरू व्हायच्या आधी फिरून पाहायचं. त्याची नजर त्या कामात पक्की होती. गर्दीतला जिवंत माणूस त्याला लांबून ओळखू यायचा.

या घरात सिनेमा कधी मधोमध पाहिला गेला नाही. ही सवय राजपालच्या बापापासूनची, म्हाताऱ्या मदनसिंगपासूनची. तो तांड्यातल्या बाकीच्यांबरोबर ऊसतोडीला न जाता एका मुकादमामागं गोरेगावला गेला आणि सेट उभारायच्या कामाला लागला. मग पोरांना पिक्चर दाखवायला नेलं, की पडद्यावर राणी धाय मोकलून रडत असायची आणि हा सगळ्या थेटराला ऐकू जाईल असा सांगायचा, "तो मांगचा खांब पाहा, त्याचं प्लॅस्टर माह्यं." पोरांनी राणीकडे पाहिलंच नाही. राजपाल त्या खांबांच्या मागून सिनेमात शिरला. रीता त्याला तिथंच भेटली, ड्रेसवाल्यांकडे इस्त्री करणारी पोर. तिनं चुण्या पाडलेली ओढणी नटीच्या खांद्यावरून वाऱ्यावर गेली की ती हात घट्ट धरायची नवऱ्याचा. आणि त्यांची रुचिका चालता येण्याआधी मोबाइलवर बोट ठेवून चित्र थांबवायला शिकली होती. "पप्पा सापडले!" ढिगाऱ्यात, धुरात, उलटे पडलेले, तोंड मातीत, तरी तिला सापडायचे. सुखाचे दिवस होते ते. त्या दिवसांत आईबाप आणि पोर एका चादरीत बसून कडेकोपऱ्यातली माणसं शोधायची आणि हिरो कोण होता ते कुणालाच आठवायचं नाही.

दिवाळीला तांड्यावर आलं, की राजपाल लहानसा प्रोजेक्टर आणायचा. दोन बांबूंना पांढरी चादर बांधायची, समोर ताडपत्री, तिच्यावर सगळी पोरं. पिक्चर संपला की तालीम. मरायचं कसं हे तो जीव लावून शिकवी. आधी गुडघे, मग खांदा, मग डोकं. हात जिथं पडला तिथंच पडू द्यायचा. श्वास छातीतून नाही, बेंबीखालून, थोडा थोडा. आणि "कट" म्हटल्याशिवाय उठायचं नाही, अंगावरून मुंगी जाऊ दे. पोरं धडाधड मरायची. एकटा बादल नापास व्हायचा. त्याला मेल्यावर हसू यायचं. पायाचा अंगठा हलायचा. "काका, पुढच्या येळी पाहा तुमी," तो म्हणायचा. "मी असा मरतो का तुमी मले मुंबईलेच नेसान."

यंदा तालमीच्या रात्री बादल आणि रुचिका ताडपत्रीवरच झोपली. सकाळी शेवंता कापसाला गेल्यावर बादल गोठ्याच्या भिंतीशी आडवा झाला. रुचिका त्याच्याजवळ बसून होती. राजपाल तिथं आला, वाकला, त्यानं पोराची छाती पाहिली. हलत नव्हती. अंगठा पाहिला. तोही हलत नव्हता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तोंड जरासं उघडं. राजपाल हसला, काहीतरी म्हणाला आणि तांड्याच्या नायकाकडे चहाला गेला. दुपारी शेवंता भाकरीला आली आणि तिनं पोराला उचललं, तेव्हा त्याची मान मागं लोंबली. शेजारी रुचिका सांगत होती, "मोठी आई, त्याला कट म्हणा ना, मी म्हटलं तर तो उठत नाहीये."

दवाखान्यात अमरसिंगनं विचारलं, "तू कुठी होता?" राजपालच्या तोंडून निघालं, "नायकाकडे. सकायपासून." खोटं असं एकदा निघालं की ते माणसाच्या हातात राहत नाही. त्याच खोट्यावर आज शेवंताच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं गेलं होतं.

"माह्यं काम आहे ते, रीता," राजपाल म्हणाला. "मुडदा कोन अन जिवंत कोन, हे पाहाचेच पैसे भेटते मले. अन पोट्ट्याची छाती हालत नव्हती त मी खूश झालो. मले वाटलं, शिकला."

रीताच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती दारातून हलली नाही.

"आणि रुची? तुम्ही तोंड उघडलं की पुढचा प्रश्न काय येईल? तिथं अजून कोण होतं? दहा वर्षांची पोर आहे ती. आता आडवी झोपत नाही, भिंतीला टेकून बसते रात्रभर. हा तांडा जन्मभर तिला काय म्हणेल, मी सांगू?"

"अन वयनीले हाकलून देऊन राह्यले ते?"

"राग उतरला की आणतील परत."

"अमरसिंगले तू ओळखत नाही. तो बापाशी बोलत नव्हता त मरेपर्यंत बोलला नाही."

"तिनंच काहून अडवाले पायजे तुले?" सुंदरबाई आत आली होती. तिनं दार लोटलं. "मी बी सांगतो. तू गप राह्य, राजपाल."

"याडी, तुले मालूम नाही—"

"मले मालूम आहे." आईचा आवाज उतरला होता. "मी चुलीपाशी होती. तू पोट्ट्यावर वाकलेला मले दिसला. मले वाटलं, खेयते काका-पुतन्या. मी बी भाकर थापत राह्यली."

राजपाल तिच्याकडे बघतच राहिला. "अन इतके दिवस तू काही बोलली नाही?"

"काय बोलू? एक लेकरू गेलं. आता दोन भावायनं एकमेकाचे गळे धराचे? शेवंताले माहेर आहे, भाऊ आहे, भाऊ न्याले आला. अमरसिंगले दुसरा भाऊ कुठून आनू मी?"

रीता आणि सुंदरबाई. रीताच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन या दोघींचं भाजीतल्या मिठावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. रीता चपला घालून घरात फिरते इथपासून ती पोरीला इंग्रजी शाळेत घालते इथपर्यंत सासूला तिचं काही पटायचं नाही. आज सासू तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, तिचा हात दंडाला लागला, आणि रीताला हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याची तिला शिसारी आली. पण दंड तिनं काढून घेतला नाही.

*

मागच्या खोलीत शेवंताचं गाठोडं बांधून झालं होतं. लुगडी, दोन परकर, हातातून काढलेल्या काचेच्या बांगड्या फडक्यात. बादलचे शर्ट मात्र ती घेत होती आणि ठेवत होती. घेतले तर नवरा म्हणेल पोरगं मारून कपडे नेले. ठेवले तर ते कोण हुंगणार?

नवऱ्यावर तिचा राग नव्हता. तो जे म्हणत होता तेच ती स्वतःला म्हणत होती, रात्रंदिवस. "नाटकं करू नको" हे तिचेच शब्द. शाळा बुडवायची असली की बादलचं पोट दुखायचं, हे खरं, पण दिवाळीच्या सुट्टीत कुठली आली शाळा? एवढं साधं तिच्या डोक्यात कसं आलं नाही? पोरगं म्हणालं, "माय, थुका गिळता येत नाही." आणि तिनं ओढणी डोक्याला बांधली नि गेली.

दाराशी रुचिका उभी होती. केस विंचरलेले नाहीत, पायात चप्पल नाही.

"ये बेटा."

पोर आली आणि तिच्याजवळ न बसता जरा लांब बसली.

"मोठी आई, तुम्ही परत येणार?"

"पाहू."

"माझ्यामुळे जाताय?"

"तुह्यामुळं कायले? तू काय केलं?"

रुचिकानं बादलचा शर्ट हातात घेतला. एक बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मोठी आई, माणूस खरा मेला की खोटा, हे कसं ओळखतात?"

शेवंताचा हात थांबला. "तुले कोनी म्हनलं का काही?"

"नाही. मला वाटलं मी लहान आहे म्हणून मला नाही कळलं. पण पप्पांना पण नाही कळलं."

बाहेर फुलसिंग काहीतरी म्हणत होता, अमरसिंग काहीतरी उत्तर देत होता. शेवंताला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही.

"पप्पा आल्ते तठी?"

पोरीनं तोंड घट्ट मिटलं. तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला.

"मम्मीनं नको म्हटलंय सांगायला," ती शेवटी म्हणाली आणि रडायला लागली, आवाज न करता, मोठ्या बायका रडतात तशी.

शेवंताच्या छातीत आग उठली. उठावं, अंगणात जावं आणि या पोरीचा हात धरून सगळ्यांसमोर उभं करावं, सांग म्हणावं, तुझा बाप कुठं होता ते सांग. तिला ते करावंसं वाटलं, अगदी हाताच्या बोटांपर्यंत वाटलं. मग तिनं पोरीच्या पायांकडे पाहिलं. बादल आणि ही, दोघांचे पाय एकाच मापाचे होते. दिवाळीला दोघांना एकसारख्या चपला घेतल्या होत्या.

"मम्मीनं नको म्हनलं त नको सांगू," ती म्हणाली. "कोनालेच नको सांगू. मले बी नाही सांगतलं तू. समजलं?"

तिनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. बादलचे शर्ट गाठोड्यात घातले, सगळे, आणि गाठ मारली. आता तिला ते न्यायला कुणाची भीती वाटत नव्हती.

*

शेवंता बाहेर आली तेव्हा सगळे अंगणात होते. अमरसिंग ओट्यावरच. सुंदरबाई चुलीपाशी. रीता दारात, नवऱ्याच्या एक पाऊल पुढे. फुलसिंगनं बहिणीच्या हातातलं गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तिनं दिलं नाही. ती सासूच्या पाया पडली. सुंदरबाईनं आशीर्वाद दिला नाही. नुसता हात डोक्यावर ठेवून तिनं पटकन काढून घेतला, तव्याला लागल्यासारखा.

मग शेवंता राजपालसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊजी, मी जाऊन राह्यली. तुमाले काही म्हनाचं आहे का?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाट पाहिली. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. राजपालला एका क्षणात कळलं की हिला माहीत आहे. कुठून, तेही कळलं. आणि ती बोलणार नाही हेही कळलं. ती त्याच्यासाठी जागा सोडून उभी होती.

"काही नाही म्हनाचं त्याले," सुंदरबाई घाईनं म्हणाली. "फुलसिंग, निंघ बाप्पा, ऊन चढून राह्यलं."

"आई बरोबर म्हणतात," रीता म्हणाली. तिनं मागं हात नेऊन राजपालचं मनगट धरलं होतं.

फुलसिंगनं किक मारली. शेवंता गाडीवर बसली, गाठोडं मांडीवर घेतलं. राजपालनं मनगट सोडवलं. रीताच्या नखांचे ओरखडे उठले त्यावर.

"थांब, फुलसिंग. गाडी बंद कर."

"राजपाल!" सुंदरबाई ओरडली.

"अमरसिंग, वयनीची गलती नाही. मी नायकाकडे होतो म्हनलं ते खोटं आहे. मी अठीच होतो. पोट्टं गोठ्यापाशी पडलेलं मी पाह्यलं. एकदम जवळून पाह्यलं. मले वाटलं, मरून दाखवून राह्यला मले. मी शाबासकी देल्ली अन चहा प्याले गेलो. ते वयनी यायच्या दीड-दोन तास आंधी. डॉक्टर म्हने ना तासभर? तो तासभर माह्यापाशी होता."

अमरसिंगनं आधी आईकडे पाहिलं, मग रीताकडे. दोघींच्या चेहऱ्यांवर त्याला दिसायचं ते दिसलं.

"तुमाले मालूम होतं," तो म्हणाला. "तिघायले बी."

"बेटा, ऐक माह्यं—"

"अजून कोन होतं तठी?"

रीतानं डोळे मिटले. राजपाल म्हणाला, "कोनी नाही. मी एकटाच."

गाडीवर बसलेल्या शेवंतानं हे ऐकलं आणि ती काही बोलली नाही.

अमरसिंग ओट्यावरून उतरला. तो चालत आला, सावकाश, आणि त्यानं धाकट्या भावाच्या तोंडावर बुक्की हाणली. आणि तिथं एक भयंकर गोष्ट झाली. आयुष्यभर हिरोंच्या बुक्क्या खाल्लेलं राजपालचं शरीर बुक्की लागायच्या आतच पडायला लागलं. आधी गुडघे, मग खांदा, मग डोकं. इतकं नीट, इतकं सफाईदार पडला तो, की जमिनीवर धड आवाजही झाला नाही. त्याला तसं पडायचं नव्हतं. त्याला मार हवा होता, मनापासून हवा होता. पण अंगाला दुसरं काही येतच नव्हतं.

अमरसिंग त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि किळस आली.

"अठी बी नाटक," तो म्हणाला. "माह्या पोराच्या मरनात बी."

तो थुंकला आणि मागं फिरला. पुन्हा हात उचलला नाही त्यानं. गाडीपाशी येऊन त्यानं शेवंताच्या मांडीवरच्या गाठोड्याला हात घातला.

"उतर. घरात चाल."

शेवंतानं गाठोडं सोडलं नाही.

"उतर म्हनलं ना. तुही गलती नव्हती. आता समजलं मले."

"तुमाले आता समजलं," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, भाजी निवडताना बोलावं तसं. "पन त्याच्या आंधीच तुमी मले काढलं होतं. उद्या अजून काही झालं, त समजेपर्यंत तुमी मले पुन्हा काढसान. माह्यं पोट्टं गेलं, त माह्यापाशी बसाचं सोडून तुमी येळ मोजत बसले. मी नाही येत."

"शेवंता..." त्याच्या तोंडून तिचं नाव इतक्या माणसांसमोर कधी निघालं नव्हतं. गाठोड्यावरचा हात त्यानं हळूहळू काढून घेतला.

"चाल, फुलसिंग," ती म्हणाली, आणि लगेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिनं त्याला थांबवलं. ती खाली उतरली. अंगणात, जिथं राजपाल अजून पडलेला होता, तिथं आली. रीता त्याच्याजवळ बसली होती, पदरानं त्याचा ओठ पुसत. शेवंताला येताना बघून ती बाजूला झाली.

"भाऊजी, एकच गोष्ट सांगा मले. काय म्हनले होते तुमी त्याले? जसंच्या तसं सांगा."

राजपाल उठून बसला.

"मी म्हनलं... वा रे पठ्ठ्या. आज बरोबर जमलं तुले. असाच पडून राह्य, अजिबात हालू नको. मी आलोच."

शेवंतानं मान हलवली. जणू अवघड हिशेब होता आणि तो तिला आता सुटला.

"तुमी फुलसिंगले इचारा," ती म्हणाली. "त्याले डॉक्टरनं सांगतलं, मी बाजूलेच उभी होती. मन्यारीचं ईख चढलं का मानसाले हात उचलता येत नाही, पापनी उचलता येत नाही, तोंडातून आवाज निंघत नाही. पन त्याले सगळं समजते. सगळं आयकू येते त्याले, शेवटपर्यंत."

राजपालच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रीतानं तोंडावर हात दाबला. मागं चुलीपाशी सुंदरबाई भिंतीला धरून खाली बसली.

"म्हनजे त्यानं तुमचा आवाज वळखला असन," शेवंता म्हणाली. "त्याले वाटलं असन, काका आला. आता उचलते."

आणि ती जाऊन गाडीवर बसली.